तिसऱ्या खुर्चीचं माप

१

कमलाकांत वकिलांना एकदा एखाद्या गोष्टीचं वेड लागलं की त्यांच्या वाटेला जाऊ नये, असा अमरावतीच्या रुक्मिणीनगरात सगळ्यांचा अनुभव होता. वकिली सोडल्यावर आधी त्यांनी बोन्सायचा नाद केला. झाडांनी माना टाकल्यावर तो सुटला, आणि मग त्यांचं सगळं लक्ष लागलं ते गाणं ऐकण्याच्या यंत्रांवर. घराच्या मागच्या अंगाला अशिलांसाठी बांधलेली खोली होती. तिथली कायद्याची जाडजूड पुस्तकं त्यांनी एका नव्या वकिलाला देऊन टाकली, खाली गालिचा अंथरला, भिंतींना जाड पडदे लावले आणि माणसाच्या छातीला येतील असे दोन स्पीकर आणून उभे केले. बार रूममधले जुने मित्र हसायचे. "एवढ्या पैशांत तर गवईच घरी येऊन राहिला असता, वकीलसाहेब," म्हणायचे. वकीलसाहेब त्यांना चहा पाजून वाटेला लावत.

हसणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. हा सारा खटाटोप वकिलांनी स्वतःसाठी मांडलाच नव्हता. त्यांची बायको तारा मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. निवृत्त झाल्यावरही तिच्याकडे मुली शिकायला यायच्या. मग तिचं ऐकू येणं कमी होत गेलं. आधी तिला मुलींचा सूर नीट कळेना, पुढे स्वतःचाही कळेना, तेव्हा तिने तानपुऱ्याला गवसणी घातली ती कायमचीच. कानात यंत्र घातलं की बोलणं जेमतेम समजायचं, बाकीचं ती ओठांवरून ओळखायची. पण गाणं मात्र पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू यायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उरलंय तेही जाईल, कधी ते सांगता येत नाही.

ताराने हे ऐकून घेतलं आणि घरी येऊन वरणाला फोडणी घातली. वकिलांचा मात्र धीर सुटला. तिचे कान पूर्ण मिटण्याआधी तिला एकदा पोटभर गाणं ऐकवायचं, एवढी एकच गोष्ट त्यांना आता हवी होती. त्यासाठी ते वाटेल ते करायला तयार होते.

अ‍ॅम्प्लिफायर आला होता, स्पीकर आले होते. राहिला होता तो स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरचं गाणं ओढून आणून अ‍ॅम्प्लिफायरच्या हवाली करणारा डबा. जाणकारांचं म्हणणं असं, की इथे चूक झाली तर पुढचं सगळं फुकट. वकिलांनी आयुष्यभर साक्षीदार पारखले होते. डबाही ते पारखूनच घेणार होते.

२

डबे घेऊन आला तो नितेश. अकोल्यात गोरक्षण रोडला त्याचं भारी ध्वनियंत्रांचं दुकान होतं. पोरगा बोलका, विकण्यात तरबेज, आणि गाडीतून उतरताच घरच्यासारखा वावरायला लागणारा. गिऱ्हाइकाच्या घरी डबे ठेवायचे, आठवडाभर ऐकू द्यायचे आणि पसंत पडेल तो सोडून बाकीचे परत न्यायचे, ही त्याच्या धंद्याची पद्धत.

"दुकानात ऐकून काई फायदा नाही वकीलसाहेब," तो म्हणाला. "माया दुकानाची खोली येगळी, तुमची येगळी. लग्नाआधी पोरगी पाहाले जाता तशातली गोष्ट नाही हे. घरात नांदवूनच पाहा लागते."

त्याने तीन डबे मांडले. एक चपटा, चांदीच्या रंगाचा. दुसरा जड, पुढे मोठा पडदा असलेला, त्यावर गायकाचा फोटो यायचा. तिसरा काळा आणि अगदी साधा, पुढे एक बारीक दिवा तेवढा.

"हा काहून आणला?" वकिलांनी विचारलं. नितेश आला की तेही थोडे वऱ्हाडीत उतरायचे.

"दिसाले काईच नाही, पन हा खोली मोजते. हा माइक पाहा. कोन कुठं बसनार हाय ते याले सांगाचं. प्रत्येकाच्या जाग्यावर माइक ठेवला की हा सूं करून आवाज सोडते, भिंतीवरून काय परत येते ते पाहाते, मंग बसनाऱ्याच्या कानाच्या हिशोबानं गानं वाजवते. काकूचे कान जसे हायेत तसे हायेत. खोलीनं तरी त्यायले त्रास देऊ नये."

हे वकिलांना एकदम पटलं. खोलीत वेताच्या तीन खुर्च्या होत्या. मोबाइलवर प्रश्न आला, ऐकणारे किती. नितेशने दोन असं दाबलं. तारा जवळ उभी राहून त्याच्या खांद्यावरून बघत होती.

"दोन नाही, तीन," ती म्हणाली.

नितेश तिच्याकडे पाहतच राहिला. वकील हसले. ताराचं माहेर अकोल्याचं. तिच्या वडिलांच्या घरी गाण्याच्या बैठका व्हायच्या आणि पुढची एक जागा कायम मोकळी ठेवलेली असायची. तिला 'येणाऱ्याची जागा' म्हणत. उशिरा कोणी आलंच तर त्याला मागे बसावं लागू नये म्हणून. कोणी नाही आलं तर बैठक संपेपर्यंत ती तशीच राहायची, घरातलं कोणी तिच्यावर टेकायचंसुद्धा नाही. ताराने ही रीत सासरी आणली होती. तिच्या मुलींच्या गाण्यालाही एक आसन रिकामं असायचंच.

"तीन कर रे बाबा," वकील नितेशला म्हणाले. "बाईंच्या माहेरची रीत आहे. मोजून टाक येणाऱ्यालाही."

मोजताना खोलीत माणूस चालत नाही, आवाज चालत नाही. पंखा बंद, कूलर बंद. ऑक्टोबरचं ऊन असं की पंखा थांबताच तिघांच्या अंगाला धारा लागल्या. पहिल्या खुर्चीवर छोट्या काठीला माइक लावला, सगळे बाहेर आले, दार ओढलं. आतून शिट्टीसारखा आवाज खालून वर चढत गेला आणि थांबला. माप झालं. दुसऱ्या खुर्चीचंही झालं. तिसऱ्या खुर्चीच्या वेळी आवाज अर्ध्यातच तुटला आणि मोबाइलवर सूचना आली. या जागेवर कोणी बसले आहे, कृपया उठावे, अशा अर्थाची.

नितेशने दार उघडून पाहिलं. खुर्ची, तिच्यावर माइक, बाकी कोणी नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"नवीन कंपनी हाय न, सॉफ्टवेअर कच्चं हाय अजून," तो कपाळ पुसत म्हणाला. "अपडेट आलं की होते बराबर." खाली 'तरीही पुढे जा' असं एक बटण होतं. त्याने ते दाबून टाकलं.

३

पारखण्याची रीत वकिलांनी आधीच ठरवली होती. ताराने डोळे मिटून मधल्या खुर्चीत बसायचं, वकिलांनी मागून डबे बदलायचे, कुठला डबा चालू आहे ते सांगायचं नाही. बरं वाटलं तर तिने बोट वर करायचं. कानातलं यंत्र काढून ठेवायचं, कारण गाणं बिघडवायचं तेच.

पहिल्या डब्यावर एका जुन्या गायिकेचा मारवा लावला. तारा शांत बसून राहिली. दुसऱ्यावर तोच मारवा. तिने मान हलवली, नाही म्हणून. वकिलांना आतून खचल्यासारखं झालं. त्यांनी तिसरा डबा जोडला आणि काही अपेक्षा न ठेवता बटण दाबलं.

ताराने बोट वर केलं नाही. तिने दोन्ही हात गालांवर ठेवले. वकील घाबरून पुढे आले, तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"चारी तारा," ती म्हणाली. "तानपुऱ्याच्या चारी तारा वेगळ्या ऐकू येताहेत हो. खर्ज बघा कसा लागलाय."

वकिलांनी तिची उलटतपासणी घेतली. गुपचूप डबे बदलले, आवाज कमी केला, मध्येच बंद करून चालू असल्याचं नाटक केलं. ती एकदाही चुकली नाही. काळ्या डब्यावर तिला सगळं ऐकू यायचं, बाकी दोघांवर काहीच नाही. असं कसं होईल, हा प्रश्न वकिलांच्या मनात आला नाही असं नाही. डब्याने खोली सुधारली तरी कानाची वाळलेली नस कशी सुधारेल? पण बायको इतक्या वर्षांनी मांडीवर ताल धरून बसली होती. असले प्रश्न दारातच थोपवावेत असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी ते थोपवले. ते फार सुखात होते.

संध्याकाळ होत आली तेव्हा तारा सहज म्हणाली, "मागे कोण बसलंय हो? छान दाद देतंय."

"कुठे मागे?"

"गाण्यात. गाणाऱ्या बाईंच्या मागे. समेवर हळूच 'हं' म्हणतं ते."

४

तो मारवा स्टुडिओत केलेला होता. तिथे श्रोते नव्हते. वकिलांनी ही गोष्ट आधी माहितीत शोधली आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारी एकटेच खोलीत जाऊन मधल्या खुर्चीत बसले.

ज्यांना या यंत्रांचं वेड आहे ते सांगतात, चांगल्या जोडणीवर डोळे मिटले की कोण कुठे बसलंय ते दाखवता येतं. तबला उजवीकडे, पेटी डावीकडे, गाणारी मध्ये आणि जरा मागे. वकिलांनाही हे दिसायचं, म्हणजे ऐकून दिसायचं. त्यांनी डोळे मिटले. पेटी होती, तबला होता. आणि गायिकेच्या पाठीमागे, जिथे त्यांच्या खोलीची भिंत यायची त्याच्याही पलीकडे, समेवर कोणीतरी 'हं' म्हणालं.

त्यांनी दुसरं गाणं लावलं. मग सतार. मग केवळ खात्री करायला इंग्रजी बातम्या. बातम्यांमध्ये 'हं' नव्हतं. पण निवेदिका श्वास घ्यायला थांबली तेव्हा वेताची खुर्ची करकरल्याचा आवाज मात्र आला.

वकिलांनी स्वतःला समजावलं. खोलीतल्या खुर्च्या वेताच्याच आहेत, मीच हललो असेन. पडदे ताठ आहेत, भिंत प्रतिध्वनी देत असेल. कोर्टात असा साक्षीदार समोर आला असता तर त्यांनी त्याचं दोन मिनिटांत पाणीपाणी केलं असतं. इथे साक्षीदार तेच होते आणि उलट प्रश्न विचारणारेही तेच.

ते रोज बसत राहिले. तो आवाज एका जागी राहत नव्हता. आधी तो गायिकेच्या मागे होता. मग तिच्या शेजारी आला. मग दोन्ही स्पीकरच्या अलीकडे, गालिच्यावर. घसा साफ करणं, कापडाची सळसळ, आणि गाणं रंगलं की दबकत घेतलेला श्वास. एका दुपारी कोमल ऋषभावर गायिका थांबली आणि तो श्वास उजवीकडून आला, वकिलांच्या अगदी कानाजवळून. उजवीकडे तिसरी खुर्ची होती. वकिलांनी डोळे उघडले नाहीत. गाणं संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले आणि मग खुर्चीकडे न बघता खोलीबाहेर आले.

ताराला त्यांनी काही सांगितलं नाही. तिलाच सांगायचं होतं.

"आता ते इथेच येऊन बसतं," ती त्या रात्री जेवताना आनंदाने म्हणाली. "मला म्हणालं, कान फार तयार आहे तुमचा."

५

वकील काळा डबा घेऊन अकोल्याला गेले. तारा घरी होती. ते निघून गेल्यावर कामाची वच्छला आली.

नितेशने दुकानातल्या खोलीत डबा जोडला, तीन खुर्च्या मांडल्या, माप घेतलं. तिन्ही जागा बिनतक्रार मोजल्या गेल्या. मारवा लावला. वकिलांनी कान टवकारून पुन्हा पुन्हा ऐकला. गायिकेच्या मागे कोणीही नव्हतं.

"डब्यात काईच नाही, वकीलसाहेब," नितेश म्हणाला. त्याचा नेहमीचा उत्साह आज जरा कमी होता. "तुमच्या घरचं माप याच्यात अजून साठवलेलं हाय. त्याच्यातून तिसरी जागा मिटवून टाका. मी दाखवतो तुमाले. ते अर्धवट माप घेतलं तिथंच आपली चूक झाली." मग तो म्हणाला, "खरं सांगू का, तवा दार उघडून पाह्यलं न मी, तर माइक मी जसा ठेवला होता तसा नव्हता. बाजूले सारलेला होता. मी मनलं, पडला असन."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"धंदा हाय न जी," नितेश मान खाली घालून म्हणाला.

घरी पोचायला उन्हं कलली. वच्छला ओसरीवरच पर्स घेऊन बसली होती, आत नव्हती.

"तुमी बाहेरून आले?" वकिलांना फाटकात पाहून ती उभी राहिली. "मले वाटलं तुमी घरातच होते. बाई त्या मागच्या खोलीत दिवसभर बोलून राहिल्या. तुमचा आवाज नाई आला, पन त्या घडीघडी 'अहो' मनत होत्या. मनून मी चहा घेऊन गेली, तं दार उघडताच बाई मले बोटानं गप बस मनाल्या." तिने पर्स काखेत मारली. "उद्यापासून मी सकाळचीच येईन, वकीलसाहेब. दुपारची नाई येत."

डबा तर दिवसभर अकोल्यात होता.

६

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा जागेवर लावला आणि नितेशने दाखवल्याप्रमाणे तिसरी जागा मिटवली. तारा येऊन बसली. वकिलांनी मारवा लावला आणि डोळे मिटले. खोली स्वच्छ होती. तबला, पेटी, गाणारी, संपलं. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"लावा ना," तारा म्हणाली.

त्यांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. खिडकीची तावदानं थरथरायला लागली.

"अहो, लावता ना? किती वेळ बसवून ठेवाल?" तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिने स्पीकरवर तळहात ठेवला, तो हलतोय हे तिला कळलं, आणि तिने हात मागे घेतला. ती रडली नाही. तिने फक्त त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं वकिलांना सोसवलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं तिने निमूट ऐकून घेतलं होतं, आपल्या वाट्याला हेच आहे असं धरून. आता हातात आलेलं कोणी काढून घेतल्यावर तिला ते नव्यानं कळत होतं.

वकिलांनी तिसरी जागा पुन्हा चालू केली.

हे त्यांनी केलं ते चूक होतं का, हे त्यांना विचाराल तर ते आजही सांगू शकणार नाहीत. एवढं खरं, की तिच्या चेहऱ्यावर परत आलेला उजेड त्यांनी पाहिला आणि त्यांना बरं वाटलं.

आणि त्यानंतर एक आश्चर्य घडायला लागलं. कानात यंत्र नसताना ताराला बोलणंही ऐकू यायला लागलं. वकिलांनी स्वयंपाकघरातून विचारावं, "चहा टाकू का?" आणि मागच्या खोलीतून तिने म्हणावं, "टाका, आलं घालून." त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून पुटपुटावं आणि तिने उत्तर द्यावं. पहिला सबंध दिवस वकील वेड्यासारखे बोलत होते. सोयाबीनचे भाव, शेजाऱ्यांची कुत्री, काहीही. ती सगळ्याला बरोबर उत्तर देत होती. नागपूरच्या डॉक्टरांना फोन करावा असंही त्यांच्या मनात आलं.

मग त्यांच्या लक्षात आलं. ते बोलले की ती लगेच उत्तर देत नसे. आधी थोडी थांबे. दुसऱ्या कोणी तेच वाक्य तिला हळू सांगावं, एवढाच वेळ. आणि त्या वेळात ती वकिलांकडे बघत नसे. ती मान उजवीकडे कलवत असे.

हे लक्षात आलं त्याच दिवशी दुपारी खिडकीतून ऊन आत आलं होतं. तिन्ही खुर्च्यांच्या सावल्या गालिच्यावर पडल्या होत्या. वेताच्या खुर्चीची सावली जाळीदार पडते, विणीच्या भोकांतून उजेडाचे ठिपके येतात. पहिल्या खुर्चीच्या सावलीत ते ठिपके होते. मधल्या खुर्चीत तारा बसली होती, तिची सावली अर्थातच भरीव होती. वकिलांची नजर पुढे सरकली आणि त्यांनी ती तिथेच थांबवली.

तिसरी सावलीही भरीव होती.

त्यांनी नितेशला फोन लावला. "आजच्या आज ये. डबा घेऊन जा. मला कुठलाच नको."

७

नितेश चार वाजता आला आणि नमस्कार करून थेट कामाला लागला. अ‍ॅम्प्लिफायरमागची वायर काढायला उजवीकडून जवळची वाट होती, तरी तो डावीकडून, दोन्ही स्पीकरला वळसा घालून गेला. आपण असं का केलं हे बहुधा त्याचं त्यालाही कळलं नसावं. त्याने तिन्ही डबे खोक्यांत भरले, माइक भरला, मोबाइलमधून मापही पुसून टाकलं आणि पुसल्याचं वकिलांना दाखवलं.

"झालं, वकीलसाहेब. आता काईच राह्यलं नाही इथं."

तारा मधल्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. तिने अडवलं नाही, हट्ट केला नाही. वकिलांना त्याचंच जास्त वाईट वाटलं. आपण तिच्या तोंडचा घास काढतो आहोत, हे त्यांना कळत होतं. गाडी गेल्यावर ते परत खोलीत आले. यंत्रं बंद होती. इतकी शांतता होती की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मोठा वाटत होता.

तारा खिडकीकडे तोंड करून बसली होती, वकिलांकडे पाठ. कानातलं यंत्र टेबलावर डबीत होतं. ते दारातच थांबले आणि अगदी हळू, स्वतःलाच ऐकू यावं एवढ्या आवाजात म्हणाले, "तारा."

ती थोडी थांबली. मान उजवीकडे कलली.

"हं, बोला ना," ती म्हणाली.

वकील चौकटीला टेकले. ते काहीच बोलले नाहीत.

तारा मात्र ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा फुलत गेला. नवीन लग्न झालेल्या मुलीने लाजावं तशी ती लाजली आणि तिने पदर सारखा केला.

"इतकी वर्षं एका घरात काढली," ती म्हणाली, "पण असं कधी बोलला नाहीत हो तुम्ही. मी वाट बघायची. मग सोडून दिलं. तुमचा स्वभाव नाही, म्हटलं."

"मी बोललो नाही!" वकील ओरडले. कोर्ट गाजवलेला तो आवाज खोलीभर घुमला. "तारा, तो मी नाही. माझं एक अक्षर नाही त्यात. ऊठ तिथून, बाहेर चल!"

ती थांबली. मान उजवीकडे कलली. मग ती खुदकन हसली.

"चला, काहीतरीच."

ते धावत तिच्या समोर आले, गुडघ्यांवर बसले आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. माझ्या ओठांकडे बघ, ते सांगत होते, ओठांकडे बघ. ती त्यांच्याकडे बघून प्रेमाने हसली. त्यांचे हात आपल्या गालांवर दाबून धरले. आणि तिने डोळे मिटून घेतले.

"आता ओठ वाचायची गरज नाही हो," ती म्हणाली. "किती स्पष्ट ऐकू येतं तुमचं."

कागद, त्यांना सुचलं. लिहून दाखवावं. त्यांनी खण उपसले, पेन सापडलं तर चालेना, शेवटी कसंबसं 'तो मी नाही' एवढं खरडून ते तिच्यापुढे धरलं. तिने डोळे उघडले नाहीत. कोणाचं तरी लांबलचक, गोड बोलणं ती ऐकत होती. मध्ये मध्ये मान डोलवत होती. एकदा तिच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं, ते तिने तसंच राहू दिलं.

"तारा, नको," वकील म्हणाले. आता ते ओरडत नव्हते, रडत होते. "त्याचं ऐकू नकोस. मी इथे आहे. तू मला हवी आहेस."

हे मात्र त्यांनी खरंच म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच.

ती थांबली. ऐकलं.

"येते ना," ती समजूत काढल्यासारखी म्हणाली. "तुम्ही एवढं म्हणताय तर नाही कशाला म्हणू? दोन लुगडी तेवढी बरोबर घेते." तिने वकिलांनी पुढे धरलेला कागद न बघताच हलकेच बाजूला सारला आणि ती खुर्चीतून उठली.

"मग कधी निघायचं?" तिने विचारलं, आणि उत्तर ऐकायला मान उजवीकडे वळवली.